न दिलेली समज

आदरणीय सर,

आपल्या स्मृतीस महादेवचा नमस्कार.

आज मुरुमच्या शाळेत आपली शोकसभा झाली. मलाही पुढे खुर्ची दिली होती. तीन वक्त्यांनी एकच गोष्ट सांगितली: दुष्काळाच्या वर्षी बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात पंच असलेल्या या शिपायाने स्वतःच्या गुरूला गैरवर्तनाचा टेक्निकल फाउल दिला. लोकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले आणि मी नेहमीप्रमाणे मान लवविली. घरी आल्यावर मात्र बसवेना, म्हणून हे पत्र.

माझे शिक्षण चौथी. शाळेचा शिपाई म्हणून मैदानावर चुन्याच्या रेषा आखणे हे माझे काम. आपण इंग्रजीतले नियम मराठीत सांगून माझ्याकडून पाठ करवून घेतलेत, तोंडी परीक्षेला बसविलेत, शिट्टीही स्वतः गळ्यात घातलीत. प्रशिक्षक आवाज चढवू लागला तर काय करावे, हेही आपणच शिकविलेत. "आधी जवळ जायचं. हळू सांगायचं, साहेब, बसून घ्या. माणसाचा मान राखायचा. न्हाईच ऐकलं, तर मग शिट्टी."

सामन्यापूर्वी आपले पाय शिवण्याची माझी रीत होती. त्या दिवशी साखर कारखान्याच्या पटांगणावर मी वाकू लागलो, तोच मागून कोणी म्हणाले, "पाय धरलं बघा. मॅच झालीच की आता." लोक हसले. मी तसाच सरळ झालो. आशीर्वादासाठी उचललेला आपला हात अधांतरी राहिला. तो मी पाहिला होता, सर.

शिंपडायला पाणी नव्हते. माझ्या रेषा धुळीत पुसून जात होत्या. आपण प्रशिक्षक असलेल्या शाळेच्या संघातली मुले सकाळभर दुष्काळी कामावर खडी फोडून आली होती. कारखान्याच्या संघाचे प्रशिक्षक पहिल्यापासून ओरडत होते. त्यांच्याजवळ मी दोनदा गेलो, दोनदा हळू समज दिली. शेवटच्या मिनिटाला, गुण बरोबरीत असताना, आपल्या मुलाला धक्का बसला. मला तो दिसला नाही. आपण उठलात.

"महादू, धक्का दिला की त्येनं. दिसंना व्हय रं तुला?"

एवढेच. मी तत्काळ शिट्टी वाजविली आणि तळहाताला बोटे टेकवून टेक्निकल फाउलची खूण केली. त्यामुळे कारखान्याच्या संघाला मिळालेला फ्री थ्रो बास्केटमध्ये गेला. आपण एका गुणाने हरलात.

नंतर रांजणाजवळ आपणच मला अर्धा पेला पाणी दिलेत.

"नियम बरोबर व्हता," आपण म्हणालात. "पर त्यान्ला दोनदा सांगितलंस. मला एकदा तरी सांगायचं."

"सर, नियमापुढं सगळे सारखे."

आपण हसलात. "सारखे असतो, तर मलाबी दोनदा सांगितलं असतंस, महादू."

पक्षपाती म्हणवून घेण्याच्या भीतीने मी आपल्याविरुद्ध पक्षपात केला. परक्याला जी समज दिली, ती आपल्याला दिली नाही. आणि त्यावरच जन्मभर निःपक्षपाती म्हणून मिरवलो.

आपल्यासमोर लोक ही गोष्ट किती वेळा सांगत. आपण का गप्प राहिलात? एकदा तरी चारचौघांत मला खाली पाहायला लावायचे होते. माझा मान राखलात, याचा आज राग येतो.

येत्या रविवारी धाराशिवला नव्या पंचांचा वर्ग आहे. तोच सामना सांगण्यासाठी मला बोलाविले आहे. मी सांगेन. मात्र या वेळी शिट्टीपाशी थांबणार नाही, रांजणापर्यंत सांगेन.

आपल्या पायांशी अर्धाच वाकलेला,
महादेव