राजपुत्र, योद्धा आणि सोसायटीची विहीर

अण्णा, तुमची नात उद्या आमच्या इथल्या सोसायटीच्या सभेत अध्यक्षांच्या विरोधात बोलणार आहे. चहा पिता पिता तिने हे सांगितलं. तेव्हापासून तुम्ही आठवता आहात, आणि तो दुष्काळातला उन्हाळा.

मी सिस्टरांच्या बोर्डिंगमधून सुट्टीला शिरूरपलीकडे आपल्या गावी आले होते. दोन अभिजात ग्रंथांतल्या नायकांची तुलना लिहून न्यायची होती. एक इंग्रजी नाटकातला राजपुत्र, बापाच्या खुनाचा सूड घ्यावा की नाही या विचारात झुरणारा. दुसरा आपल्या महाकाव्यातला योद्धा, ऐन रणांगणात धनुष्य टाकून रथात बसलेला. आई भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात, मी मोठ्याने वाचते आहे. राजपुत्र भित्रा नाही, विचारी आहे, असं सिस्टर म्हणायच्या. तुम्ही हसलात. "भ्यालं की मानसाला विचार लई सुचतात, बाई."

"सुचू द्या की," आई म्हणाली. "जित्ता तर राहतो."

"राहतो का गं?" तुम्ही मला विचारलंत.

"नाही, शेवटी मरतो."

"अन् आपला?"

"त्याला समजवायला देव होता, अण्णा."

"आमच्या सोसायटीत देव न्हाई. अध्यक्ष हाय." आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी सभा होती.

गावात पाणी उरलं होतं ते फक्त शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीच्या विहिरीला, आणि ते अध्यक्षांच्या मोसंबीच्या बागेला द्यायचा ठराव होता. आपल्याकडे ठराव वाचून संपायच्या आत सगळे 'मंजूर, मंजूर' म्हणतात. सूचक कोण, अनुमोदक कोण, हे अध्यक्षांच्या ओसरीवर आधीच ठरतं. या वेळी अनुमोदक म्हणून त्यांनी तुमचं नाव घातलं होतं, तुम्हाला न विचारता. चारचौघांत तुम्ही नाही म्हणणार नाही, ही त्यांची खात्री. सभा शाळेत भरली होती, खिडकीबाहेर मी बायकांत उभी होते. तुमचं नाव वाचलं गेलं आणि तुम्ही उठलात. आवाज कापत होता. "माझं अनुमोदन न्हाई. पानी गावाचं हाय." मागून कुणीतरी ओरडलं, "बस रं खाली!" तुम्ही उभेच राहिलात, आणि हळूहळू आणखी माणसं उठली.

पाणी गावाला राहिलं. पण त्यानंतर रोज दिवेलागणीला एक जीप दारासमोर येऊन थांबायची. कुणी उतरायचं नाही, बोलायचं नाही. नुसतं इंजिन चालू. आई दाराला कडी घालायची. तुम्ही म्हणायचात, "वाच की, का थांबलीस?" मी वाचायचे, पण काय वाचते ते कळत नसे. पाऊसकाळ लागल्यावर जीप यायची थांबली. तुम्ही पुढे म्हातारे होऊन अंथरुणावरच डोळे मिटलेत, तरी अजूनही दारात एखादी गाडी इंजिन चालू ठेवून उभी राहिली की माझ्या हातातलं काम थांबतं.

नंतर मी वर्गात मुलींना हीच तुलना शिकवली. योद्ध्याने धनुष्य पुन्हा उचललं म्हणून तो मोठा, असं खुशाल सांगत आले. फळ्याजवळ उभं राहून बोलायला काय जातं? आज मुलगी म्हणाली, "आई, आजोबांचं तूच तर सांगितलंस ना?" 

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. तुम्ही उठलात तेव्हा बायका तुमच्याकडे कौतुकाने बघत होत्या, आणि मी खिडकीचे गज धरून मनात म्हणत होते, बसा, अण्णा, खाली बसा. मला बाप म्हणून तो राजपुत्रच हवा होता, नुसता विचार करत घरी बसणारा. उद्या मी लेकीच्या शेजारी बसणार आहे. ती उठली की मनात पुन्हा तेच म्हणेन.