भिंतीवरची आई

ता. ११, मंगळवार

ताई,

नमस्कार. तुम्ही सगळे मजेत असाल, आम्हीही मजेत आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तुमचा धाकटा आता चालायला लागला असेल. त्याच्यासाठी अंदाजाने झबली शिवून ठेवलीत. लहान झाली तर माझ्या नजरेला दोष द्या, कापडाला नको.

छप्पर गळत होतं, ते शेजारच्या सुताराने नीट करून दिलं. हे गेल्यापासून तो माझ्याशी मान खाली घालून बोलतो, जणू ह्यांना त्यानेच नेलं. काम भरपूर आहे, दवाखान्याच्या पडद्यांचा गठ्ठा येऊन पडलाय. पण मशीन बंद आहे. बिघाड काही नाही. मशीनखाली ठकी बसायची, लाकडाला गाल लावून. मशीन थरथरलं की हसायची. आता खाली कोणी नाही, तर माझा पाय उचलत नाही.

ठकी घरी नाही, ताई. एवढा वेळ झबली आणि छप्पर लिहीत बसले ते हेच टाळायला.

शाळेने तिला दूरच्या वसतिगृहात पाठवायचं काढलं, तेव्हा मला बोलावलं होतं. मोठं टेबल, पलीकडे मॅडम आणि शाळेचे डॉक्टर. मी म्हटलं, मुळीच नाही. तिला बोलता थोडंच येतं, पण समजतं सगळं. मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, "वडील नाहीत, मूल तुमच्याजवळ वाढलंय. कायद्याने तुम्हाला पालक धरता येईल. तुमचा नकार लिहून घेते." माझा जीव भांड्यात पडला.

मग डॉक्टरांनी सहज ठकीला विचारलं, "बाळ, आई कुठंय?"

ती उठली. माझ्यासमोरून गेली आणि भिंतीवर हात फिरवत राहिली. तुमचा फोटो शोधत होती. ह्यांचं आणि माझं ठरलं होतं, जिने जन्म दिला तिची जागा कुणी घ्यायची नाही. रोज वेणी घालून झाली की मी तिला तुमच्या फोटोपुढे उभी करायचे, ती म्हणायची "आई". मला काकू. लोक सावत्र आईला नावं ठेवतात ना, म्हणून मी जरा जास्तच तोऱ्यात होते.

मॅडमनी विचारलं, "आई हयात आहे?" मी ताठ मानेने सांगितलं, आहे. तुमचा नंबरही मीच दिला.

जन्मदाती निर्णय घ्यायला तयार असली की तिचाच शब्द चालतो, हे मला नंतर कळलं. मला बाहेर बाकावर बसवलं. आतून फोनवर बोलणाऱ्या मॅडमचा आवाज येत होता. तुम्ही म्हणालात म्हणे, तिथले लोक जाणकार आहेत, तिच्या भल्याचंच करतील. मला तुमचा राग आला, खोटं कशाला सांगू? अजून आहे. तुम्ही तिला शेवटचं पाहिलंत तेव्हा ती पाळण्यात होती. तुम्हाला कुणी काय विचारावं आणि तुम्ही काय सांगावं!

रविवारी मी तिकडे गेले. भेट फक्त पालकांना. तिच्यासाठी नेलेला स्वेटर आत घेतला, मला नाही घेतलं. जाळीतून दिसली. केस कापलेत. मनगटाला पट्टी आहे, चावून घेते. तिथली बाई म्हणाली, "जेवत नाही. सारखी काकू-काकू करते, आईचं नाव एकदाही काढलं नाही. घरची ओढ नसावी." मी तिला हाकही मारली नाही. मी दिसले आणि तशीच परत गेले, तर ते तिला कसं समजावणार होतं कुणी?

महिनाअखेरपर्यंत निर्णय फिरवता येतो, पण तो तुम्हीच फिरवायचा. तुमच्या घरी विचारतील, बोलतील, मला कळतं. तरी जा. ठकी मला द्या असं मागत नाही. तुमच्याकडे न्या, कुठेही न्या, तिथून काढा. तिला थोपटू नका, दचकते. पाठीवर हात नुसता दाबून ठेवा. जेवताना ताटाकडे बघू नका, दुसरीकडे बघितलं की खाते.

आणि फोटोतला निळा स्वेटर असेल तर तोच घालून जा. ती तुम्हाला ओळखेल. तुम्हाला आई म्हणेल, मी शिकवलंय. इतकी वर्षं ती भिंतीला हाक मारत आली आणि मी मागे उभी राहून, तुमचा मान म्हणून, गप्प राहिले.

तुम्ही तरी ओ द्या.

तुमच्या लेकीची,
काकू