पुलाच्या मध्यावरचा गुन्हेगार

प्रिय रूथॅन,

विधानसभेच्या सुनावणीत तू बोललीस ते टीव्हीवर पाहिलं. "क्रॅटम म्हणजे विष, त्या झाडाचं पानसुद्धा विकू देऊ नका," म्हणालीस आणि सगळ्या आमदारांनी माना डोलावल्या. झाली बंदी, पानावरही आणि गोळ्यांवरही! पान कुठलं आणि त्यातून काढलेल्या कडक अर्काची गोळी कुठली, एवढंही त्या शहाण्यांना कळू नये?

छपरावरून पडलो तेव्हा डॉक्टरने दिलेल्या वेदनाशामक गोळ्या मला सुटता सुटत नव्हत्या, हे तू पाहिलंयस. त्यातून मला या पानाच्या कडू भुकटीने बाहेर काढलं. रोज सकाळी एक चमचा, संत्र्याच्या रसातून. आता तीच आणायला नदी ओलांडून शेजारच्या राज्यात जातो. तिथे मी गिऱ्हाईक असतो आणि परतताना पुलाच्या मध्यावर गुन्हेगार होतो. त्रेसष्टाव्या वर्षी!

तुझा टॅनर पानाने नाही बिघडला, पेट्रोल पंपावरच्या दुकानात मिळणाऱ्या त्या अर्काच्या गोळ्यांनी बिघडला. हेच तुला ओरडून सांगण्यासाठी लिहायला बसतो. आधीची दोन पत्रं इथवर लिहून फाडली.

कारण व्यसनमुक्ती केंद्रात जाऊनही पोराने तुला एक गोष्ट सांगितलेली दिसत नाही. गोळ्यांचं पहिलं पाकीट घेऊन तो माझ्याकडेच आला होता. वर हिरवं पान छापलेलं.

"मामा, तू घेतोस तेच ना हे?"

पाकिटावरचं वाचायला मी चष्मासुद्धा लावला नाही. म्हटलं, "तेच रे. घे बिनधास्त."

तुझा दादा,
डेल्बर्ट