बाबांचं नर करंट

प्रिय झीहेंग,

रागावलायस, ठाऊक आहे. तीन वर्षं नववर्षाला घरी फिरकला नाहीस. फोनही घेत नाहीस. निदान हे पत्र तरी शेवटपर्यंत वाच, ताईची शपथ.

परसातलं ते फळझुडूप, तू ज्याला सदाहरित करंट म्हणतोस, यंदा काय बहरलंय रे! मोठ्या झाडाच्या त्या अंधाऱ्या सावलीत बाबांनी किती रोपं लावली, सगळ्यांनी माना टाकल्या. या पठ्ठ्याने मात्र तिथेच बस्तान बसवलं. घरोघरी डुकराचं मांस धुरावर टांगायच्या या थंडीत जाडजूड पानांखाली फिकट हिरव्या-पिवळ्या फुलांचे घोस लोंबतायत. बाबा वाकून वाकून बुंध्याशी कुजका पाला घालतात. शेजारची डेंग मावशी म्हणते, "म्हाताऱ्याने बायकोचे तरी एवढे लाड केले होते का!"

फळझाडाला भात चारायच्या आपल्या रीतीप्रमाणे वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी बाबा या झुडपाच्या खोडाला विळ्याने चीर देऊन त्यात भात भरायचे आणि दरडावायचे, "फळ धरशील की नाही?" मागे लपून झाडाच्या वतीने तू ओरडायचास, "धरीन, धरीन!" लहानपणापासूनचं ते तुझं काम. आणि कृषी महाविद्यालयातून आलास त्या वर्षी सगळ्या गल्लीसमोर म्हणालास, "बाबा, हे नर झाड आहे. भात कितीही चारा, फळ येणार नाही. शेजारी मादी लावली तर तिला येईल." लोक खो खो हसले. "चार बुकं शिकून बापाला शिकवतोस?" म्हणत बाबा आत गेले, आणि तू रागाने घर सोडलंस. तुझं बरोबरच होतं. पण घरात, एकट्याला सांगितलं असतंस तर? मी तेव्हा गप्प बसले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

परवा बाबा पहाटेच गायब. संध्याकाळी चिखलाने माखून परतले, काखेत ओलं गोणपाट. त्यात मादीचं रोप! चहाच्या कारखान्यातले त्यांचे जुने सोबती गोउकाका वर डोंगरात राहतात ना, त्यांच्याकडून आणलं. शरदातच एकदा जाऊन काळी फळं धरलेलं झुडूप हेरून आले होते म्हणे, आणि मला पत्ता नाही! शहात्तराव्या वर्षी, त्या गुडघ्यांनी. मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मी कुदळ उचलली तर खेकसले, "ठेव ती! कुठे, किती अंतरावर लावायचं ते तुला काय कळतंय? शिकलेला माणूस आहे ना घरात." झीहेंग, बाबांना माफी मागता येत नाही. ही त्यांची माफी आहे. गोणपाटातली मुळं फार तर आठ दिवस तग धरतील, त्यातले दोन गेले. पत्र सकाळच्या बसच्या ड्रायव्हरजवळ देतेय. त्याच बसने परत ये.

तुझीच,
ताई