बुधवारची गोळी

अण्णा, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली आणि मी पहिल्यांदा लिहितोय ते जुलाबाबद्दल. हसू नका.

बुधवारी अकराच्या आत मला बारामतीला पोचायचं होतं. एक मुलगी आहे. ती हसली की मला उतरायचा स्टॉप आठवत नाही. दुपारी तिला बघायला पाहुणे येणार होते. त्याआधी तिच्या वडलांसमोर उभं राहून मी मागणी घालायची, असं आमचं ठरलेलं. "न्हाय आलास तर मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर जाणार," ती म्हणाली होती. आणि पहाटेपासून मला जुलाब लागलेले. आदल्या दिवशी उसात ठिबकच्या नळ्या जोडताना कालव्याचं पाणी प्यालो होतो.

इस्त्रीचा शर्ट घालून, जुलाब बंद करायची गोळी तळहातावर घेऊन मी शेळगावच्या आपल्या ओट्यावर बसलो. अंगात ताप. समोरचा ऊस पाण्याखाली असल्यासारखा संथ हलत होता, आणि त्यातून हळूहळू तुमचा दवाखाना वर आला. तुम्ही कंपाउंडरच्या खिडकीत. ट्रॅक्टरवाला रेलून म्हणतोय, "अण्णा, कारखान्याला खेप न्यायचीय. बंद करा की हे!" तुम्ही विचारताय, "ताप हाय? रक्त पडतंय?" "न्हाय ओ, नुसतं पाणी." "मग घे, आजच्या दिवसापुरती. अन् ही मीठ-साखरेची पुडी लिटरभर पाण्यात सगळी एकदम कालव. ग्लासात चिमूट चिमूट टाकत बसू नको." तो गेल्यावर तुमचा पाचवीतला पोरगा, म्हणजे मी, जुलाब लागलेले असताना कबड्डीची मॅच बुडू नये म्हणून, तीच गोळी डबीतून उचलतो. तुम्ही माझं मनगट धरता. "पोरास्नी ही न्हाय. अन् ताप असला, रक्त असलं, तर मोठ्यालाबी न्हाय. आतली घाण आतच कोंडायची व्हय रं?" मॅच बुडाली. मी दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही, आणि तुम्ही दोन दिवस चमच्यानं पाणी पाजत राहिलात.

फार्मसीचं कॉलेज मी दुसऱ्या वर्षी सोडलं, सरांच्या अंगावर धावून गेलो म्हणून. तुमचं हे मनगट धरणं मात्र सुटलं नाही.

चौथ्यांदा जाऊन आलो तेव्हा रक्त दिसलं. गोळी गटारात फेकली, शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसलो आणि सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं. "बंद व्हायची गोळी खाल्ली नाहीस ना?" "नाही." "शहाणा आहेस." मला असं कुणी पहिल्यांदाच म्हणालं, अण्णा, आणि तेव्हा घड्याळात साडेअकरा झाले होते. सलाईनच्या थेंबांकडं बघत मी तरंगत राहिलो. तिकडं बारामतीत कुणीतरी पोहे परतत असेल.

तिची सोयरीक त्या पाहुण्यांकडं जमली. पोटानं घात केला, असं मी सगळ्यांना सांगतो. तिलाही तेच सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "अन् फोनला काय झालतं? त्येलाबी जुलाब?"

फोन खिशातच होता. तिच्या वडलांचा नंबरही होता. गोळी खाल्ली नाही ते बरोबरच केलं, तुम्ही असता तरी तेच म्हणाला असता. पण रक्त दिसलं तेव्हा, घाबरायच्या आधी, क्षणभर, बारामती टळली म्हणून, मला हायसं वाटलं होतं. हा कागद पोस्टात टाकायचा प्रश्नच नाही. तुम्हाला सांगून झालं. तिला अजून सांगितलेलं नाही.