कोपरीहून लॅबपर्यंतची लाइन

६ जाने. १९९७, सोम.
आय काल हॉस्पिटलातून घरी आली. उजव्या खुब्यात स्टीलची पट्टी आणि चार स्क्रू. मासळी विकायला बसते त्या बाजारातच बर्फाच्या पाण्यावरून पाय सटकला, बस, एवढंच. सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. दादा मस्कतला, त्याला रजा नाही. बाबा असते तर... असो. म्हणजे मीच.

गाइड सरांना फोन केला. म्हटलं, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लॅबला येणं होणार नाही. सर म्हणाले, "३१ ला सगळ्यांची डिझाइन्स चिप बनवायला जाणार. तुझं राहिलं तर पुढच्या वर्षी. तुझी टर्म संपतेय, माहितेय ना?"
माहितेय.
"घरी फोन आहे ना? लॅबच्या सर्व्हरला घरून लाइन लावून बघ. मोडेम देतो."

८ जाने.
संध्या मोडेम घेऊन आली, टॉवेलात गुंडाळून. माझ्याबरोबर एम.टेक.ला, डोंबिवलीची, ठाण्याला मुद्दाम उतरली. दादाने घेऊन दिलेल्या ३८६ कॉम्प्युटरला जोडला, फोनची वायर काढून त्यात घातली. नंबर फिरवल्यावर मोडेम जो किंचाळला, आय आतून ओरडली, "मांजरीव पाय परला का गो तुजा?"
दोघी खूप हसलो. स्क्रीनवर नुसता कचरा. चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, कसलीकसली अक्षरं.
संध्या गेल्यावर परत तीनदा. कचराच.

९ जाने.
लॅबची मशीन्स जोगळेकर बघतात. त्यांना विचारायचं तर फोनवरच विचारायचं, आणि लाइन एकच. म्हणजे फोन करा, ऐका, ठेवा, वायर बदला, डायल करा, फसा, वायर बदला, परत फोन करा.
"मॅडम, सात बिट ठेवलेत की आठ?"
मला काय माहीत. सकाळचे तीन तास असे. मध्ये आयला भांडं द्यायचं, कूस बदलायची. ती दोन हाका मारून थांबलेली. तिसरी मारली नाही. मी गेले तेव्हा चादर ओली होती. माझ्याकडे बघितलंच नाही तिने.

१० जाने., शुक्र.
लागली! दु. १२.२०. काळ्या स्क्रीनवर सर्व्हरने माझं नाव विचारलं.
मग चिपचं चित्र उघडायला गेले. काहीच नाही. वीस मिनिटं बसले. शेवटी जोगळेकरांना फोन.
"चित्र विसरा मॅडम. नळातून म्हैस येईल का? या लाइनवरून फक्त अक्षरं येणार."
आणि माझं उरलेलं काम सगळं चित्रातलं. तारा कुठून कुठे जातात, कुठली कुठल्याच्या फार जवळ आलीय. तपासणीच्या प्रोग्रामने अशा ३७ चुका काढल्यात. एक जरी राहिली तरी डिझाइन घेत नाहीत.
आंधळ्याने रांगोळी काढायची.

१४ जाने., संक्रांत
संध्या तिळगूळ आणि माझ्या चिपचा प्रिंट घेऊन आली. सोळा कागद, चिकटवून चटईएवढे झाले. आयच्या खाटेशेजारी जमिनीवर पसरले. फाइलीत प्रत्येक तार म्हणजे एक ओळ, चार आकडे: डावं, खालचं, उजवं, वरचं टोक. म्हणजे कागदावर पट्टी लावून मोजायचं, आकडा बदलायचा, लाइन लावून फाइलीत टाकायचा, तपासणी चालवायची. एवढाच मार्ग.

आयने मान वळवून बघितलं. "ह्याचा काय व्हनार?"
"दोन आकडे गुणायची चिप आहे, आय."
"दोन आकरं त मी पन गुनतंय. तोंडी. त्याचेसाठी यवरा कागद?"


संध्याला जाताना दारात विचारलं, तू लॅबच्या स्क्रीनवर करशील का थोड्या? ती चप्पल घालत राहिली. मग म्हणाली, "माझ्याच साठ बाकी आहेत गं. चालू स्क्रीन दोन. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या."
मी म्हटलं, अगं सहज विचारलं. परत विचारणार नाही.

१७ जाने.
३७ च्या ५२ झाल्या. एक तार सरकवली की शेजारचीला लागते, ती सरकवली की तिच्या पलीकडची. रडले. आय म्हणाली, "कशाला रडतेस गो?" तिला वाटलं तिच्यामुळे.
नाही म्हटलं. पण म्हणायला वेळ लावला.

२० जाने., सोम.
तपासणीला चाळीस मिनिटं लागतात. पस्तिसाव्या मिनिटाला शहाडच्या मावशीचा फोन आला. लाइन तुटली, तपासणी मेली. मग मावशीला बोलले, जरा जोरातच, की अकरा ते एक करू नको फोन, माझं काम असतं. मावशी म्हणाली, "बरं बाय," आणि ठेवला.
आयने ऐकलं. "माजे भयनीला असा बोलाचा?" दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी मी मावशीला फोन करून माफी मागितली, तेव्हा दोन घास.

जोगळेकरांनी नंतर एक शब्द सांगितला. तो आज्ञेच्या आधी लिहायचा, मग लाइन तुटली तरी सर्व्हरवरचं काम चालू राहतं. हा पहिल्या दिवशी का नाही सांगितला?
"तुम्ही विचारलं नाहीत मॅडम."

२२ जाने.
५२ → ३० → ९. कालपासून हात बसलाय. कागद डोळे मिटून दिसतो. नऊच!

संध्याकाळी ५ ला फोन बंद. टोन नाही. रस्त्यावर खोदलंय, केबल तुटली म्हणतात. सगळ्या आळीचे बंद.

२५ जाने.
बंद. बूथवरून तक्रार केली. नंबर लिहून घेतला. उद्या सुट्टी.
बाजारातल्या पारूमावशी आयला बघायला आल्या. बोलता बोलता निघालं की आयच्या जागेवर दुसरीच बसते आता. अठ्ठावीस वर्षांची जागा. पारूमावशी गेल्यावर आयने विचारलं, "मना बाजारान कवा नेशील?"
म्हटलं, अजून तीन आठवडे.
"तवर कोन थांबतंय?"

२७ जाने., सोम.
लिहवत नाही. तरी लिहिते.
टेलिफोन ऑफिसला गेलेले. शेजारच्या हिराकाकींना सांगितलेलं, अधूनमधून बघा. रांगेत दीड तास. "केबलचं काम चालू आहे, घरी जा." घरी आले तर आय जमिनीवर, खाटेला पाठ लावून, माझ्या कागदांवर. उठून उभं राहून बघत होती म्हणे. किती वेळ तशी होती सांगेना. काकी दोनदा डोकावल्या, तेव्हा झोपलेली होती.
चौघांनी उचलून टेंभी नाक्याच्या हॉस्पिटलात नेलं. फोटो काढला. छोटे डॉक्टर म्हणाले, पट्टी हललीय असं वाटतं, नक्की नाही. मोठे डॉक्टर बाहेरगावी. पुढच्या सोमवारी दहाला फोटो घेऊन या. तोपर्यंत अजिबात हलवू नका.
परत कापावं लागेल का? "ते तेच सांगतील."
आय रिक्षात हळूच म्हणाली, "तुजा कागद फाटला गो."

२९ जाने.
फोन आला. सकाळी टोन ऐकून आनंद वगैरे झाला नाही. फाटलेला भाग चिकटवला. ९ → ५.
मी ऑफिसला गेले नसते तरी फोन आलाच असता. आजच आला असता.

३१ जाने., शुक्र.
स. ११ ला दोन उरल्या. दु. २ ला एक. ३.५० ला शून्य. शून्य! स्क्रीनवरची ती ओळ तीनदा वाचली. आयला सांगितलं. ती म्हणाली, "झाला? आता जेव."
फाइल लॅबमधून पुढे पाठवायची आज्ञा दिली, ४.१५. मोठी फाइल, अर्धा तास तरी. मी भात घेतला. ४.३० ला स्क्रीन थिजली. लाइन तुटलेली. फोन वाजला नव्हता, कोणी काही केलं नव्हतं, नुसती तुटली.
आज्ञेच्या आधी तो शब्द लिहिला होता का मी? आठवत नाही. तपासणीला रोज लिहायचे. घाईत पाठवताना... आठवतच नाही.
परत डायल. एंगेज. सगळेच शेवटच्या दिवशी लागलेत. पाच वाजेपर्यंत एंगेज. ५.१० ला रिंग गेली, उचललं नाही कोणी.
सर लग्नाला बाहेरगावी. जोगळेकरांकडे घरी फोन नाही. संध्याकडेही नाही, नंबर लागायचाय त्यांचा अजून.

२ फेब्रु., रवि.
शनि-रवि लॅबची मशीन्स बंद. तरी काल दोनदा, आज एकदा नंबर फिरवला. रिंग जातेय नुसती.
दुपारी आयचे केस धुतले, पडल्यापडल्याच, उशाला प्लास्टिक घालून. पाणी कानात गेलं म्हणून ओरडली. मग म्हणाली, "तुजा तो पोचला का?"
"माहीत नाही."
"नि माजा पाय?"
"तेपण नाही."
"बरा," म्हणाली आणि डोळे मिटले. मी केस पुसत बसले.
उद्या लॅब दहाला उघडते. मोठे डॉक्टरही दहालाच. हिराकाकी आयजवळ बसतील. फोटोचं पाकीट दाराशी काढून ठेवलंय. आधी डॉक्टर.