आबा, तुमची आण सेलूत मोडली

प्रिय आबा,

दुसऱ्या कुणी चुगली करण्याआधी मीच कळवतो. तुम्ही मला घातलेली आण आज मी मोडली. तीही सेलूच्या दवाखान्यात, डॉक्टरांसमोर!

तुम्ही म्हणाल, हा सेलूला कशाला मरायला गेला? उगीच हो. आगगाडीतून जिनिंगचं धुराडं दिसलं आणि उतरलो. कापसाच्या गाड्यांची ही रांग! एक बैल अगदी आपल्या पवळ्यासारखा, शिंगं तशीच आत वळलेली. त्याची मान खाजवत बसलो तर गाडीवाला माझ्यावरच खेकसला. असो. ऊन लय होतं म्हणून दवाखान्याच्या ओट्यावर टेकलो.

आत मोठे डॉक्टर दोन शिकाऊ डॉक्टरांची तयारी करून घेत होते. पोरं हैदराबादला सर्जरीच्या इम्तिहानाला बसणार. सवाल लघवीच्या दुखण्यांचे. मोठ्या डॉक्टरांची तऱ्हा अशी, की पुस्तक बाजूला ठेवायचं आणि जिताजागता माणूस समोर बसवायचा. मला हाक मारली, "ए पाव्हण्या, रिकामा हायस ना? मग मरीज हो. तू म्हातारा हायस, लघवी तुंबलीय."

आबा, मला काही शिकवावंच लागलं नाही. मी तुम्ही झालो. एक हात मांडीवर, एक पोटाखाली, उन्हाळ्यातही घोंगडी पांघरल्यासारखा आखडून.

धाकट्या डॉक्टरानं विचारलं, "बाबा, लघवीला होतंय का?"

"होतंय की. सारखंच होतंय."

"मग तुंबलेली नाही," म्हणून त्यानं पोटदुखीची पुडी सांगितली.

"मारलास म्हाताऱ्याला!" मोठे डॉक्टर ओरडले. "आरं, पिशवी काठोकाठ भरली की थेंब थेंब गळतं. त्यालाच तो होतंय म्हणायलाय! पोटाला हात लावलास का? नळी घालून मोकळं केलं असतंस तर उठून बसला असता."

सगळे हसले. मीही हसलो, आबा!

वालूरला आपल्या घरी हेच झालं होतं की नाही? डॉक्टर आले, तेव्हा भोवती आई, आत्या, वहिनी उभ्या. तुम्ही म्हणालात, "होतंय की," आणि माझ्याकडे बघितलंत. तुमची ओली धोतरं विहिरीवर गुपचूप मीच धूत होतो ना! कडब्याच्या गंजीमागं तुम्हीच बजावलं होतं, "सोपाना, माझी आण हाय. बायामाणसांत बोलायचं न्हाई."

डॉक्टर पुड्या देऊन गेले. मी गप्प. वर आणखी जिंतूरच्या बाजाराला निघून गेलो. परतलो तर अंगणात बांबू आणून ठेवलेले.

एक विचारू? रागावू नका. आण घालायला मीच सापडलो का हो? शाळेत जातो म्हणालो, गेलो नाही. नांगर धरतो म्हणालो, धरला नाही. जन्मात एकच शब्द पाळला, तो नेमका हा!

मोठे डॉक्टर म्हणाले, "लय बेस केलंस रे. कुणाचं बघितलंस हे?"

"कुणाचं न्हाई," असं ओठावर आलं होतं. पण म्हणालो, "माझ्या बापाचं." आणि मग थांबलोच नाही. धोतरं, घोंगडी, वहिनीसमोरचं ते "होतंय की", सगळं बोलून बसलो. तुम्ही मरेपर्यंत झाकलेली लाज मी परक्यांपुढे उघडी केली.

कुणी हसलं नाही. धाकटा डॉक्टर उठला. कंपाउंडरला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. पोटावर हात ठेवून हळूच म्हणाला, "बाबा, आता बाहेरचं कुणी नाही. धोतर ओलं राहतंय का?"

तुमच्यासारखी नुसती मान डोलावली.

इतकं साधं होतं, आबा? नुसतं दार लोटायचं होतं?

संध्याकाळची गाडी आली नि गेली. मी बसलो नाही. पोरं हैदराबादला जाईपर्यंत रोज दुपारी म्हातारा होणार आहे. मी, आणि एका जागी! तुमचं नाव, आपलं गाव कुणाला कळणार नाही. पण धोतराचं सांगेन. आणि एक नक्की: जोवर डॉक्टर उठून दार लोटत नाही, तोवर त्यानं कितीही विचारू दे, मी आपला "होतंय की" एवढंच म्हणत राहीन.

तुमचा, आण मोडलेला,
सोपान